हेर्लेकर मॅडमचा चौथा नमुना

नंदिनी हेर्लेकर घरात बसून नेमकं काय करतात हे त्यांच्या गल्लीत कुणालाच धड सांगता यायचं नाही, आणि यात गल्लीचा काही दोष नाही. राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळची भांडी आवरली की बाई खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसतात, मध्येच स्वतःशी हसतात, मध्येच कपाळावर हात मारतात आणि साडेबाराला उठून कुकर लावतात. शेजारच्या वहिनींनी एकदा न राहवून विचारलं. मॅडमना खोटं बोलता येत नाही, त्यांनी सांगितलं, "व्याकरणं लिहिते." दुसऱ्या दिवशी वहिनींची नात समासाचा गृहपाठ घेऊन दारात उभी. मॅडमनी तो मुकाट्याने सोडवून दिला. बावीस वर्षं शिकवण्यात घालवलेल्या बाईला वही घेऊन आलेलं पोर परत पाठवणं जमत नाही.

तर ते काम असं. माणसाने लिहिलेलं काहीही संगणकाला आपोआप कळत नाही. साधा पत्ता असो नाहीतर तारीख, कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्याला कुणीतरी समजावून द्यावं लागतं. ते समजावणारा प्रोग्रॅम हाताने लिहायचा म्हणजे आठ-पंधरा दिवसांची डोकेफोड. म्हणून काही हुशार लोकांनी अशी साधनं केली आहेत की तुम्ही फक्त नियम सांगायचे: चिठ्ठी म्हणजे आधी नाव, मग ओळी, ओळ म्हणजे आधी आकडा, मग माप, मग वस्तू. एवढं सांगितलं की त्या नियमांवरून चिठ्ठी वाचणारा प्रोग्रॅम ते साधन आपणच तयार करून देतं. नियमांच्या या यादीला त्या धंद्यातले लोक व्याकरण म्हणतात. असं एक साधन मॅडमच्या जुन्या विद्यार्थ्याने, सौमित्रने, पुण्यात नोकरी सांभाळून तयार केलं आणि जगाला फुकट वापरायला दिलं. नाव ठेवलं ‘मांडणी’. साधन उत्तम होतं, पण ते शिकवण्यासाठी त्याने जे नमुने लिहिले होते ते वाचून माणसाने साधन सोडावंच, वर संगणकही भंगारात घालावा. शेवटी तो हरला आणि त्याने मॅडमना फोन केला.

मॅडम तेव्हा मोकळ्याच होत्या. तंत्रनिकेतनाचं व्यवस्थापन बदललं होतं आणि बावन्नाव्या वर्षी त्यांच्या हातात नारळ पडला होता. निरोप समारंभात एक शाल, एक घड्याळ आणि चार भाषणं मिळाली. घड्याळ आठ दिवसांत बंद पडलं. नवरा त्र्यंबकराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शांत माणूस, म्हणाला, "आता आराम कर." पण आराम म्हणजे काय करायचं असतं हे बाईला कधी शिकवलंच नव्हतं. तीन महिने त्यांनी कपाटं आवरली. चौथ्या महिन्यात आवरलेली कपाटं पुन्हा आवरायला घेतली, तेव्हा त्र्यंबकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यामुळे सौमित्रचा फोन आला त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला.

मॅडमनी नमुने लिहायला घेतले आणि त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. पहिला नमुना बेरीज-वजाबाकीचा, दुसरा तारखेचा, तिसरा पाकिटावरच्या पत्त्याचा. त्यांचा एक हट्ट होता, आणि तो त्यांनी सौमित्रला पहिल्याच दिवशी ऐकवला होता: कुठलाही नमुना अकरा ओळींच्या वर जाणार नाही. "शिकणाऱ्याला एका नजरेत सगळं दिसलं पाहिजे. बारावी ओळ आली की तो हाय खातो." दहा का नाही, तेरा का नाही, असं कुणी विचारलं नाही. बावीस वर्षं वर्गातल्या फळ्यावर, मागच्या बाकावरून दिसेल अशा अक्षरात, बरोबर अकरा ओळी मावत होत्या, एवढंच त्यामागचं शास्त्र होतं. लोकांना मात्र ते नमुने भयंकर आवडले. कुठून कुठून आभाराची पत्रं यायला लागली आणि त्र्यंबकराव ती चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवायला लागले.

चौथा नमुना हुपरीहून आला. स्वप्नाली ही मॅडमची आणखी एक विद्यार्थिनी, कोडोलीच्या शेतकऱ्याची मुलगी, वर्गात पुढच्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी उत्तर देणारी. ती लग्न होऊन हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या घरात गेली. घरातच कारखाना, सासरे, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, ते व्यापाऱ्यांकडून पैंजणांच्या ऑर्डरी घेणार, आणि मग त्या ऑर्डरीचं काम आसपासच्या सात-आठ घरांत वाटून दिलं जाणार. कुणी तार ओढतं, कुणी कड्या जुळवतं, कुणी घुंगरू लावतं. अशा एका ऑर्डरीचा फोटो स्वप्नालीने मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम, ह्याचा नमुना करा की." मॅडमनी तो केला. वर व्यापाऱ्याचं नाव, खाली ओळी: बारा जोड, साडेनऊ इंची, अमुक नक्षी. चौथा नमुना त्यांचा लाडका झाला, कारण तो त्यांच्या जिल्ह्यातला होता.

एकच गोष्ट झाली होती. सौमित्रने तो तपासताना लिहिलं होतं, "मॅडम, शेवटी संपल्याची खूण टाकूया का? म्हणजे चिठ्ठी पूर्ण वाचून झाली की नाही हे कळेल." मॅडमनी ओळी मोजल्या. अकरा झाल्या होत्या. त्यांनी उत्तर पाठवलं, "नमुन्यात गर्दी नको." सौमित्र तिशीचा झाला होता, दोन पोरांचा बाप होता, पण हेर्लेकर मॅडमशी दुसऱ्यांदा वाद घालायची छाती त्याची अजून झालेली नव्हती. त्याने नमुना तसाच चढवला.

मग स्वप्नालीने एक उद्योग केला. ऑर्डरी आता व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून पाठवतात. तिने चौथा नमुना उचलला, मांडणीत घातला, आणि आलेल्या मेसेजवरून प्रत्येक घराला कामाची छापील यादी काढून देणारा प्रोग्रॅम घरच्या जुन्या संगणकावर बसवला. आण्णांना ते पटलं नव्हतं. "एक जोड जरी चुकला ना, तर हे डबडं माळ्यावर आन् तू सैपाकघरात," असं त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं. पण यादी झटक्यात निघत होती, आणि तीन महिन्यांत काही चुकलं नव्हतं. घराच्या पुढच्या सोप्यात तिला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. तिने मॅडमना टेबलाचा फोटो पाठवला. मॅडमनी तो त्र्यंबकरावांना, वहिनींना आणि दूधवाल्यालाही दाखवला. आपला नमुना कुणीतरी खऱ्याखुऱ्या कामाला लावला याचं त्यांना इतकं कौतुक होतं की दोन दिवस घरात गोड शिजत होतं.

आणि मग मंगळवार उजाडला. चिली नावाच्या लांबच्या देशातल्या कुणा विद्यार्थिनीचं पत्र आलं होतं. भाषा अगदी अदबीची. तुमचा चौथा नमुना मी वापरून पाहिला. माझी फाईल चुकून अर्धवट बिघडली होती, तरी तो ‘सगळं ठीक’ म्हणाला. असं का व्हावं? मॅडम हसल्या. मुलीचंच काहीतरी चुकलं असणार. त्यांनी स्वतःची चाचणीची चिठ्ठी उघडली, तीन ओळी झाल्यावर मध्येच ‘बेसनाचे लाडू’ असं लिहिलं, त्याखाली आणखी चार ओळी टाकल्या आणि चालवून पाहिलं. प्रोग्रॅमने पहिल्या तीन ओळी वाचल्या, लाडवांपाशी थांबला, आणि बिनदिक्कत सांगून मोकळा झाला: सगळं ठीक.

चूक काय झाली ते कळायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. नियमात म्हटलं होतं, नावानंतर कितीही ओळी येतील. चिठ्ठी तिथे संपली पाहिजे असं कुठे म्हटलंच नव्हतं. मग न कळणारी ओळ आली की प्रोग्रॅम काय करणार? कळल्या तेवढ्या ओळी घेणार आणि उरलेल्या तशाच सोडून देणार, कुणाला काही न सांगता. हेच तर सौमित्र म्हणत होता.

पण त्यांना सौमित्र आठवला नाही, स्वप्नाली आठवली. गेल्या आठवड्यातच तिचा मेसेज आला होता. सोलापूरच्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर, चौदा ओळींची, यादी संगणकावर काढून घरोघर दिली, मंगळवारी चार वाजता त्याची गाडी माल न्यायला येणार. मॅडमनी तो मेसेज शोधला. पोरीने हौसेने ऑर्डरही जोडली होती. मॅडम एकेक ओळ वाचत गेल्या आणि दहाव्या ओळीवर थांबल्या. व्यापाऱ्याने लिहिलं होतं, ‘वरच्यासारखेच, पण घुंगरू निम्मे, १२ जोड.’ ओळ आकड्याने सुरू होत नव्हती. म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबला असणार. म्हणजे शेवटच्या पाच ओळी, मोजून चाळीस जोड, कुणीच केलेले नसणार, आणि चार वाजता गाडी दारात.

स्वप्नालीचा फोन बंद लागत होता. एकदा, तीनदा, सहादा. आण्णांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. अकरा वाजले होते. "मी हुपरीला जाते," त्या पायात चपला घालत म्हणाल्या. त्र्यंबकरावांनी विचारलं, "जेवायला?" मॅडमनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते स्वतःच कुकर लावायला उठले.

स्टँडवर हुपरीची एसटी उभीच होती. मॅडमना खिडकीजवळ जागा मिळाली, पण खिडकीबाहेरचा एक ऊस त्यांना दिसला असेल तर शपथ. त्या डोक्यात हिशेब घालत होत्या. आत्ता पोचले तर साडेबारा. साडेतीन तासांत चाळीस जोड? आठ घरं कामाला लावली तरी होणार नाहीत. व्यापारी रागावेल, ते एक वेळ ठीक. पण आण्णा ते डबडं माळ्यावर टाकतील, स्वप्नालीचं टेबल जाईल, आणि ती पोर आयुष्यभर असंच समजेल की तिलाच येत नव्हतं. बावीस वर्षं तिच्यासारख्या मुलींना त्यांनी सांगितलं होतं, घाबरू नका, जमतं. आता त्यांच्यामुळेच तिचं जमलेलं मोडणार होतं. आणि कशासाठी? फळ्यावर अकरा ओळी मावतात म्हणून! मॅडमना स्वतःचा इतका राग आला की त्यांच्या तोंडून "गाढव!" असा शब्द मोठ्याने निघून गेला.

"कुणाला म्हंतासा?" तिकिटं फाडत आलेल्या कंडक्टरने विचारलं.

"तुम्हाला नाही हो. मला."

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि सुटे पैसे परत देऊन पुढे गेला.

हुपरीत उतरल्यावर मॅडम जवळपास धावतच निघाल्या. गल्लीत घरोघर हातोडीची बारीक ठकठक चालू होती. स्वप्नालीच्या घराचा दरवाजा उघडा होता. सोप्यात टेबलावर संगणक, त्यावर क्रोशाचं झाकण, आणि खाली जमिनीवर पोत्याच्या तुकड्यावर बसून स्वप्नालीची सासू घुंगरू ओवत होती. नाव धोंडुबाई, पण सून, लेक, शेजारी, सगळे तिला आक्काच म्हणतात. साठी ओलांडलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोटं अशी चालत होती की जणू त्यांना डोळ्यांची गरजच नाही.

"आगं बया! म्याडम! या, या," आक्का उठायला लागली. "आसं न सांगता कसं काय आलासा? बसा की. पानी देतो."

"स्वप्नाली कुठाय?"

"पालिशवाल्याकडं गेलीया. फोन हितंच इसरला, आन् चारजिंगबी न्हाय त्येला. काय झालं वो? तोंड का आसं झालंय?"

मॅडमना दम धरवला नाही. त्या उभ्या उभ्याच बोलत सुटल्या. माझ्या नमुन्यात चूक आहे, प्रोग्रॅम मध्येच थांबतो, सांगतसुद्धा नाही, सोलापूरच्या ऑर्डरीतले शेवटचे पाच प्रकार राहून गेलेत, चाळीस जोड झालेच नसतील, आत्ताच्या आत्ता सगळ्या घरांना सांगायला हवं. बावीस वर्षांत विद्यार्थ्याच्या घरी जाऊन रडायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ती आता आली की काय असं वाटत होतं.

आक्काने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने हातातलं पैंजण खाली ठेवलं, उठून आधी रस्त्याकडचं दार लोटलं, आणि कोपऱ्यातल्या पिशवीतून कामाची एक यादी काढून मॅडमच्या हातात दिली. छापलेल्या नऊ ओळी होत्या. आणि त्यांच्या खाली, निळ्या पेनने, गोल गोल, एकमेकांना टेकून बसलेल्या अक्षरांत, आणखी पाच ओळी लिहिलेल्या होत्या. दहावी, अकरावी, बारावी, तेरावी, चौदावी.

मॅडमनी बोट ठेवून ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"चाळीस जोड कवाच झाल्यात," आक्का म्हणाली. "तीच आनायला स्वप्नाली गेलीया. बसा आता. पडशिला."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. त्या खरोखरच मटकन खाली, त्या पोत्यावर बसल्या. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून त्यांनी घटाघटा अर्धा रिकामा केला आणि मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना. आक्काही हसायला लागली. का हसतोय हे तिला नीट माहीत नव्हतं, पण पाहुणी सुखरूप आहे एवढं तिला दिसत होतं.

"पण तुम्हाला कळलं कसं?" मॅडमनी शेवटी विचारलं.

आक्काने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. या घराची रीत अशी होती की ऑर्डर आली की आण्णा ती कॅलेंडरच्या जुन्या पानामागे स्वतःच्या हाताने उतरवणार आणि देवापुढे ठेवणार. माल जाईपर्यंत ते पान तिथेच. व्हॉट्सअ‍ॅप आलं, संगणक आला, तरी आण्णांनी ही रीत सोडली नव्हती. आणि आक्काची आपली एक वेगळी रीत होती. ती कुठलीही ऑर्डर शेवटच्या ओळीपासून सुरू करायची.

"येपारी वर लिवतोय त्यो माल दुकानाचा," ती म्हणाली. "आन् लिवून झालं की घरातनं कोनतरी वरडतंय, आपल्या पोरीला येक जोड सांगा, सुनंला येक सांगा. त्ये शेवटाला येतंय. दुकानात माल उन्नीस-बीस झाला तर त्यो येक डाव सोडंल, पर घरच्या बाईचं चुकलं तर समदी ऑर्डर परत पाठवंल. म्हनून म्या आधी शेवटचं करतो. माझ्या सासूनंच सांगून ठिवलंय."

स्वप्नालीची पहिली यादी हातात आली तेव्हा आक्काने सवयीने शेवटची ओळ पाहिली, मग दिवा लावताना देवापुढचं पान पाहिलं, आणि दोन्ही ओळी जुळेनात. नातीसाठीचे चार इंची पैंजण यादीत नव्हतेच. तिला वाटलं, यंत्राला दम लागत असेल. लांब चिठ्ठी असली की दमतं, आखूड असली की पुरी वाचतं. मग तिने पेन घेतलं आणि घरोघर वाटायला नेण्याआधी प्रत्येक यादीखाली राहिलेल्या ओळी लिहून टाकल्या. तीन महिन्यांत पाच वेळा.

"अहो, पण स्वप्नालीला सांगायचं की!"

"काय सांगायचं? पोरगी सकाळी उठून हौसंनं त्या खुर्चीत बसतीया. तिला सांगिटलं की ती ह्यास्नी सांगनार. तिच्या पोटात काय ऱ्हातंय? आन् ह्यांनी तर समद्याम्होरं म्हनून ठिवलंय, येक जोड चुकला की डबडं माळ्यावर. मग कशापायी सांगू? पाच वळी लिवायला मला काय मोप येळ लागतोय?"

तेवढ्यात लोटलेलं दार पूर्ण उघडलं. दारात स्वप्नाली उभी होती, दोन्ही हातांत पॉलिश केलेल्या पैंजणांच्या पिशव्या. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिच्या मागे आण्णा होते.

मॅडम ताडकन उठल्या. "आण्णा, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "स्वप्नालीची नाही. नमुना मी लिहिला, त्यात मी एक ओळ गाळली. तिने मी शिकवलं तसंच केलं. तिचा संगणक तुम्ही—"

"बसा वो म्याडम," आण्णा चपला काढत म्हणाले. "मला म्हाईत हाय."

पुन्हा घुंगरू ओवायला लागलेल्या आक्काचा हात आता थांबला. "काय म्हाईत हाय?"

"चाळीस वरसं तुझं अक्षर बघतोय. किराण्याची यादी, नवसाची यादी. त्या यादीखाली कोन लिवतंय त्ये मला वळखू येत न्हाय व्हय? पयल्याच आठवड्यात बघिटलं म्या."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलायचं? पोरीचं यंत्र वरनं वाचत येतंय, तू खालनं वाचत येतीयास. मधी कुठंतरी गाठ पडतीया. माल पुरा हुतोय की."

"आन् त्ये डबडं माळ्यावर टाकायचं?"

"त्ये म्हनलो हुतो," आण्णा म्हणाले. "म्हनायला काय जातंय?" आणि पिशव्या घेऊन माल बांधायला मागच्या खोलीत निघून गेले.

मॅडमना इतकं हलकं वाटलं की त्यांनी चहा मागून घेतला. पण स्वप्नाली हसली नव्हती. ती खुर्चीत बसली, पिशवीतल्या सगळ्या जुन्या याद्या काढून मांडीवर घेतल्या आणि एकेक उलटत राहिली. पाच याद्यांखाली निळं अक्षर होतं. तिचे डोळे भरून आले.

"मी सगळीकडं सांगत सुटलो हुतो," ती म्हणाली. "आमच्या घरात एक चूक होत न्हाय म्हणून. शेजारी, माहेरी, तुम्हालासुद्धा, मॅडम. आणि घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

यावर सांत्वनाचं काहीतरी बोलायला हवं होतं, पण मॅडमना खोटं बोलता येत नाही. "मलाही सौमित्रने सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही. मला वाटलं, माझ्या नमुन्यात काय कमी असणार! म्हणून तर आज एसटीत स्वतःला गाढव म्हणत आले. तू निदान मिरवलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं. मला सांगूनही मी मिरवत होते."

स्वप्नालीने नाक पुसलं. मग तिने संगणकावरचं क्रोशाचं झाकण काढलं. रडणं आणि काम या दोन गोष्टी एका वेळी करता येतात हे मॅडमना वर्गात अनेक मुलींनी दाखवलं होतं. त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि काय लिहायचं ते सांगितलं. एकच ओळ, बारावी, वाढवायची होती: ओळींनंतर शेवट, आणि शेवटानंतर काही उरता कामा नये. स्वप्नालीने ती लिहिली, नवा प्रोग्रॅम तयार झाला, आणि तिने सोलापूरची तीच ऑर्डर त्याला पुन्हा वाचायला दिली.

या वेळी यादी निघाली नाही. पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"काय म्हंतंय?" आक्काने खालून विचारलं.

"दहाव्या ओळीत अडलंय," स्वप्नाली वाचत म्हणाली. "हितं आकडा पायजे होता म्हणतंय, ‘वरच्यासारखेच’ मिळालं. पुढं वाचता येत न्हाय म्हणतंय."

"मग आसं आधीच बोलायचं की त्येनं," आक्का म्हणाली. "तीन म्हैनं मला लिवायला लावलं."

आता पहिल्यांदा स्वप्नाली हसली. हसता हसताच तिने खाली पाहिलं, त्या निळ्या पेनवाल्या बाईकडे, आणि विचारलं, "आक्का, असं ‘वरच्यासारखेच’ सोडून हे लोक अजून कसं कसं लिवत्यात?"

"लई परकारानं लिवत्यात," आक्का म्हणाली. "कोन लिवतंय, गेल्या टायमाला दिलं तसंच. कोन लिवतंय, नक्षी तुमच्या मनानं. कोकणातला येक हाय, त्यो आकडा शेवटाला टाकतोय. आन् मलकापूरची येक बाई तर मापच लिवत न्हाय, पोरीचं वय लिवती."

"वय?"

"व्हय. पाच वरसाची म्हनली की साडेपाच इंची करायचं. त्ये मला ठावं हाय, तुझ्या यंत्राला कसं ठावं आसनार?"

स्वप्नाली उठली. तिने खुर्ची ओढून आक्काच्या पुढ्यात आणली आणि स्वतःसाठी स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं. आक्का नको नको म्हणाली. आपण खालीच बऱ्या, खुर्चीत पाय लोंबकळतात. पण सुनेने तिच्या हातातले घुंगरू काढून बाजूला ठेवले होते, त्यामुळे तिला बसावंच लागलं. तिने चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे पाहिलं.

मॅडम पोत्यावर बसून दुसरा चहा पीत होत्या. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. नियमात कुठे काय घालायचं हे स्वप्नालीला त्यांच्याशिवाय कळत होतं, आणि चिठ्ठीत काय काय येतं हे आक्काएवढं त्यांना कधीच कळणार नव्हतं. चारही नमुने उद्या उघडायचे आणि प्रत्येकाचा शेवट नीट बंद करायचा, एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना भूक लागली.

चार वाजता गाडी आली. बाहेर आण्णांचा आणि व्यापाऱ्याचा आवाज, पिशव्या वजनाला लागल्याचा आवाज. थोड्या वेळाने आण्णांनी हाक मारली. पावणं चहा घेत्यात, म्हणाले, जरा ठेवा. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"थांबा वो जरा," आक्का खुर्चीतून ओरडली. "आमचं काम चाललंय!" आणि स्वप्नालीकडे वळून म्हणाली, "हं, लिव. आता त्यो कोकणातला सांगतो."